देवडीतला सलाम

लखनौहून परत आल्यापासून कोल्हापुरात जो भेटतो तो दोनच गोष्टी विचारतो. चिकनकामाचे कुर्ते आणलेत का, आणि तिथले लोक खरंच 'पहले आप, पहले आप' करत गाडी चुकवतात का. कुर्ते आणले. गाडी मात्र माझ्यादेखत कुणी चुकवली नाही. उलट आमचीच गाडी धुक्यात अडकून बसली आणि मी पोचले तेव्हा मला न्यायला आलेला भाऊ स्टेशनातल्या बाकावर झोपून गेला होता. भूलभुलैया, रेसिडेन्सी, गोमतीचा काठ हे सगळं मी पाहिलं आणि ते पाहण्यासारखं आहेच, पण त्याची चित्रं कुठल्याही दुकानात मिळतील. मला सांगायचं आहे ते एका देवडीबद्दल आणि एका म्हाताऱ्या माणसाच्या साक्षीबद्दल.

मानकनगर

शहाण्णव सालचा जानेवारी होता. विद्यापीठात एक परिसंवाद होता, विषय भारदस्त: राजेशाही, संविधान आणि कायद्याचं राज्य. मी आयुष्यभर कायद्याच्या विद्यार्थ्यांना न्यायशास्त्र शिकवलं, म्हणजे ज्या विषयाला मुलं सर्वांत जास्त जांभया देतात तो विषय. निवृत्त मास्तरणीला कोण बोलावतं? त्यामुळे बोलावणं येताच मी बॅग भरायला घेतली. शिवाय धाकटा भाऊ दिलीप तिथेच रेल्वेच्या संशोधन संस्थेत इंजिनिअर आहे, मानकनगरच्या कॉलनीत राहतो. 'अक्का, थंडीत येऊ नकोस, गारठशील,' असं तो फोनवर सांगत होता. मी त्याचं कधीच ऐकलेलं नाही.

गारठले मात्र चांगलीच. कोल्हापूरचा स्वेटर लखनौच्या थंडीपुढे अगदीच लाजला. दिलीपची बायको वैशाली साताऱ्याची. तिने पहिल्याच सकाळी मला रजईत गुंडाळून हातात चहा दिला आणि म्हणाली, "अक्का, सब्जी कोणती करू सांगा, भाजीवाला भैया आत्ता येईल. आणि बाहेर नका जाऊ हां, कोहरा आहे, समोरचं दिसत नाही." भाची मिनू कॉलेजात जाते. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. मी कांदा-लसणाचं तिखट नेलं होतं, ते मी भाकरीशी खाताना बघून ती म्हणाली, "आत्या, आप ये सब ऐसे ही खा लेती हैं? हम तो मर जाएँगे."

"तुम्ही किती जण मराल?" मी विचारलं.

"हम अकेले," ती म्हणाली आणि तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

कारण तिथे सगळेच स्वतःला 'हम' म्हणतात. भाजीवाला म्हणतो, हम तो ताज़ा ही लाते हैं. टेम्पोवाला म्हणतो, हम उधर नहीं जाते. एकटा माणूस, अंगात फाटका कोट, पण बोलतो आम्ही. आमच्याकडे 'आम्ही' म्हणायचे ते फक्त महाराज. इथे नवाबी गेली आणि जाताना नवाबाचं 'आम्ही' लोकांनी आपापसात वाटून घेतलं असावं, असं मी दिलीपला म्हटलं. आपली घटनासुद्धा 'आम्ही'नेच सुरू होते, हेही सांगितलं. तो म्हणाला, "अक्का, भाषण परवा आहे ना? मग आज जेव."

या राजाच्या विषयाशी माझं जुनं भांडण आहे, ते इथे सांगायला हवं. आमचे बाबा दक्षिणेतल्या एका लहानशा संस्थानात कारकून होते. दसऱ्याच्या दरबाराला ते मला सोबत नेत. आपली पाळी आली की बाबा पगडी सावरून पुढे होत आणि तीनदा वाकून मुजरा करत. समोरून कधी मान हलायची, कधी तीही हलायची नाही. एकदा मी मोठ्याने विचारलं, "ते परत मुजरा का करत नाहीत?" बाबांनी माझा दंड असा काही दाबला की मी परत विचारलं नाही. संस्थान विलीन झालं तेव्हा बाबा रडले, आणि मी दहा वर्षांची मुलगी मनातून खूश झाले. पुढे मी कायदा शिकले, शिकवला, पण कुणापुढे वाकले नाही. कॉलेजातल्या सत्कारातही मी ताठ उभी असायचे आणि लोक मला शिष्ट म्हणायचे.

परिसंवादातलं माझं भाषणही याच स्वभावाचं झालं. इंग्रजांनी राजा ठेवला आणि त्याला कायद्याच्या दावणीला बांधला. फ्रेंचांनी राजाचं डोकंच उडवलं. शेजारच्या नेपाळात राजाने आत्ता आत्ता संविधान मान्य केलं. आपण राजांना तनखे दिले, मग कायदा करून तेही काढून घेतले. पण राजा कितीही चांगला असला तरी एक गोष्ट त्याच्या तोंडून जात नाही, असं मी म्हणाले, ती म्हणजे 'मी दिलं'. विहीर मी दिली, शाळा मी दिली, वाट मी दिली. आणि जो 'मी दिलं' म्हणतो तो उद्या 'मी घेतलं' म्हणू शकतो. कायद्याचं राज्य सुरू होतं ते ज्या दिवशी कुणाच्या मेहेरबानीची गरज उरत नाही त्या दिवशी. टाळ्या बऱ्या पडल्या. तिथले प्राध्यापक विरोध करतानासुद्धा आधी दोन मिनिटं तुमची तारीफ करतात, त्यामुळे आपण हरतो आहोत हे कळायलाच वेळ लागतो.

चहाच्या वेळी काळ्या कोटातले एक गृहस्थ जवळ आले. श्रीवास्तव वकील. मिशीतल्या मिशीत हसत होते. म्हणाले, "मैडम, आपने राजा साहब को बहुत आराम से कटघरे में खड़ा कर दिया. हमें परसों सचमुच के एक नवाब को खड़ा करना है. हमारे मुवक्किल हैं. देखना चाहेंगी?"

मी भाषणं खूप केली होती, पण कुणा वकिलाचा अशील म्हणून कठड्यात उभा असलेला नवाब पाहिला नव्हता. मी लगेच हो म्हटलं.

चौक

दुसऱ्या दिवशी वकीलसाहेबांच्या स्कूटरवर मागे एका बाजूला बसून मी चौक नावाच्या जुन्या वस्तीत गेले. गोल दरवाजाच्या आत शिरलं की शहर एकदम अरुंद होतं आणि वास वाढतात. कुठे कबाबांचा धूर, कुठे अत्तर, कुठे गटार. एका दुकानात चांदीचा वर्ख कुटत होते, त्या ठोक्यांवर सगळी गल्ली चालते आहे असं वाटत होतं. वकीलसाहेब स्कूटर चालवत मागे मान वळवून खटला सांगत होते आणि मी जीव मुठीत धरून ऐकत होते.

खटला असा होता. नवाबसाहेबांच्या जुन्या घराला एक ड्योढी आहे. आपण देवडी म्हणतो तीच. मोठी कमान, आत छपराखालची वाट, पलीकडे घराचा उघडा चौक. त्या चौकातून मागच्या गल्लीत जाता येतं. मागच्या गल्लीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या देवडीतून ये-जा करतात. मुलींची शाळाही तिकडेच आहे. देवडी बंद झाली तर सगळ्यांना मोठ्या रस्त्याने वळसा घालून जावं लागेल. नवाबसाहेबांचा मुलगा जावेद याला घर पाडून तिथे इमारत बांधायची होती, बिल्डर तयार होता, पण मधोमध लोकांची वाट असली तर कोण बांधणार? त्याने कमानीला फाटक बसवायला माणसं आणली, तशी मागच्या गल्लीतले रस्तोगी मास्तर आणि इतर शेजारी कोर्टात गेले. इतकी वर्षं आम्ही चालतो आहोत, हा आमचा हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं.

हा कायदा मी शिकवलेला होता, त्यामुळे पेच लगेच कळला. मालकाच्या परवानगीने कितीही वर्षं चाललात तरी वाट तुमची होत नाही. ती मालकाची मेहेरबानी. पण परवानगी न मागता, उघडपणे, कुणी न अडवता वीस वर्षं चाललात तर तो हक्क होतो. म्हणजे सगळा खटला एका वाक्यावर उभा होता. नवाबसाहेबांनी कोर्टात एवढंच म्हणायचं होतं: हमने इजाज़त दी थी. की फाटक बसलं.

"और वो कहेंगे?" मी विचारलं.

"क्यों नहीं कहेंगे? जवाब-दावे में हमने लिख दिया है, उनके दस्तख़त हैं." जवाब-दावा म्हणजे कोर्टाला दिलेलं लेखी उत्तर, आपण कैफियत म्हणतो ते.

कमानीवर चुन्यात कोरलेले दोन मासे होते, अवधच्या नवाबीची ती खूण, एकाची शेपटी पडलेली. आत नवाबसाहेबांची बैठकीची खोली, तिची खिडकी बरोबर देवडीत उघडणारी. नवाबसाहेब उठून दारापर्यंत आले. काटकुळे, करड्या शेरवानीची कोपरं रफू केलेली, आवाज इतका हळू की मला पुढे वाकून ऐकावं लागलं. आयुष्यभर त्यांनी एका वाचनालयात नोकरी केली. नवाब ते फक्त गल्लीचे. पण गल्ली म्हणते म्हणजे आहेत.

खायला शामी कबाब होते, शाही तुकडा होता, गुलाबी रंगाचा काश्मिरी चहा होता. जावेदच्या बायकोने सकाळपासून खपून केलं असणार. मी कोल्हापूरची, तोंडातून निघून गेलं, "कितना किया आपने हमारे लिए." नवाबसाहेब एकदम अवघडले. "रूखा-सूखा है, आप शर्मिंदा न कीजिए," म्हणाले आणि विषय बदलला. वकीलसाहेब माझ्या कानाशी पुटपुटले, "इनके सामने इनका किया हुआ मत गिनाइए. यहाँ एहसान जताना गाली समझी जाती है." केलेलं बोलून दाखवणं म्हणजे तिथे शिवी; आमच्याकडे बरोबर उलटं. पाहुण्याच्या ताटात तिसऱ्यांदा रस्सा ओतताना 'तुमच्यासाठी मुद्दाम केलाय, खावा' असं चार घरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगितलं नाही तर पाहुण्यालाच वाटतं की आपलं काही केलं नाही.

मी खाता खाता खिडकीकडे बघत होते. माणसं जात होती. एक बाई पिशवी घेऊन गेली, मग सायकल हातात धरून एक गृहस्थ, मग शाळेच्या मुली. सगळ्यांच्या माना खाली, कुणी खिडकीकडे बघत नव्हतं. आणि दर वेळी पावलं वाजली की नवाबसाहेबांचा हात जरासा वर उचलला जायचा आणि परत मांडीवर पडायचा. आधी मला वाटलं, वयामुळे हात थरथरतो.

"पहले सब सलाम करके गुज़रते थे," ते म्हणाले, माझी नजर त्यांच्या हातावर आहे हे त्यांना कळलं होतं. "मुक़दमा तो ठीक है, होते रहते हैं. सलाम क्यों बंद किया?"

त्याचं उत्तर श्रीवास्तव वकिलांकडे होतं. मास्तरांच्या वकिलाने सगळ्या गल्लीला बजावलं होतं की निकाल लागेपर्यंत देवडीतून जाताना सलाम करायचा नाही. सलाम केला तर समोरची बाजू म्हणेल, बघा, परवानगी मागून जातात. सल्ला अगदी बिनचूक होता, मीही हाच दिला असता. आणि त्या बिनचूक सल्ल्याने वर्षभर या खिडकीत एकही सलाम आला नव्हता. रस्तोगी मास्तर तर रोज संध्याकाळी इथे बसायचे. तेही बंद झाले.

मग वकीलसाहेब कामाला लागले. "कल बस इतना कहना है, हुज़ूर. हमने इजाज़त दी थी."

"किसको?"

"सबको."

"किस दिन?"

"आपके दादा ने दी होगी किसी दिन."

"दी होगी तो कहकर नहीं दी होगी," नवाबसाहेब म्हणाले. "कहकर कौन देता है?"

कोपऱ्यात जावेद उभा होता. चाळिशीचा, चेहऱ्यावर दमलेपण. त्याला मी खलनायक करणार नाही. छताची गळती, दोन मुली, आणि बापाचा हा स्वभाव, सगळं त्याच्याच डोक्यावर होतं. तो म्हणाला, "अब्बा, एक ही जुमला तो कहना है. बोल दीजिएगा." नवाबसाहेबांनी त्याच्याकडे बघून मान हलवली. होकार की नकार, मला कळलं नाही.

मग त्यांनी माझ्या भाषणाचं विचारलं. मी माझ्या तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं की राजा देतो म्हणून घेऊही शकतो, हक्क मात्र कुणी द्यायचा नसतो. ते अगदी मन लावून ऐकत होते. शेवटी हसून म्हणाले, "आप तो हमारे ख़िलाफ़ गवाही दे रही हैं." वकीलसाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उरलेला शाही तुकडा मुकाट्याने संपवला.

रात्री मी दिलीपला पैज लावून सांगितलं की म्हातारा 'दी थी' म्हणणार. राजे तेच म्हणतात.

कैसरबाग

कैसरबागेतलं दिवाणी कोर्ट आपल्या कुठल्याही कोर्टासारखंच. टाइपरायटरचा कडकडाट, पानाच्या पिचकाऱ्या, झाडाखाली टेबलं टाकून बसलेले वकील. फरक भाषेत. एक वकील दुसऱ्याच्या अंगावर ओरडत होता, तोही 'जनाब, आप सरासर झूठ फ़रमा रहे हैं' असा. खोटं बोलण्यालाही मान देत होते. मला ते फार आवडलं. आमच्या कोर्टात मी यापेक्षा सौम्य मजकुरावर कॉलर धरलेली पाहिली आहे.

व्हरांड्यात एकच खुर्ची होती, ती जावेदने नवाबसाहेबांसाठी कुठून तरी आणली. समोर भिंतीला टेकून रस्तोगी मास्तर उभे होते, मफलर कानाला गुंडाळलेला, हातात काठी. नवाबसाहेबांनी खुर्चीकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि ते बसले नाहीत. मास्तरांनीही पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. पुकारा व्हायला बराच वेळ लागला. तेवढा वेळ दोघं म्हातारे एकमेकांशी एक शब्द न बोलता उभे राहिले आणि मधली खुर्ची रिकामी. शेवटी एका शिपायाने ती उचलून नेली.

न्यायाधीश तरुण होते, डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं. नवाबसाहेबांनी शपथ घेतली आणि श्रीवास्तव वकिलांनी विचारायला सुरुवात केली. घर तुमचं का, कुणाकडून आलं, देवडी घराचाच भाग का. सगळ्याला 'जी' असं उत्तर आलं. मग वकीलसाहेब मुद्द्याला आले.

"मुक़दमे से पहले ये लोग गुज़रते वक़्त आपको सलाम करते थे?"

"जी. सब."

"और आप जवाब देते थे."

"जी."

"यानी वो आपसे इजाज़त लेते थे और आप देते थे."

जावेद पुढे सरकला होता.

"वकील साहब," नवाबसाहेब म्हणाले, इतक्या हळू की न्यायाधीशांनी त्यांना जरा मोठ्याने बोलायला सांगितलं. "सलाम तो अक्सर पहले हम ही करते थे. मास्टर साहब की नज़र कमज़ोर है, उन्हें खिड़की में हम दिखाई नहीं देते. फिर इजाज़त कौन किससे ले रहा था?"

वकीलसाहेबांनी घसा खाकरला. "हुज़ूर, सवाल ये है कि इजाज़त आपने दी या आपके बुज़ुर्गों ने?"

"किसी ने नहीं दी. किसी ने माँगी नहीं. रास्ता था, लोग चलते थे."

न्यायाधीशांनी कागद उलटले. "मगर आपके जवाब में लिखा है कि सब आपकी इजाज़त से आते-जाते रहे. दस्तख़त आपके हैं."

"दस्तख़त हमारे हैं," नवाबसाहेब म्हणाले. "पढ़ा हमने कल रात. बग़ैर पढ़े दस्तख़त किए, यह हमारी ग़लती है. इसकी जो सज़ा हो." मग म्हणाले, "साहब, पड़ोसी हमारे आँगन से गुज़रे और हम कचहरी में खड़े होकर कहें कि हमने गुज़रने दिया था, यह हमसे नहीं होगा. और यह सच भी नहीं है."

मास्तरांच्या वकिलाने उलटतपासणी घ्यायची होती. तो उठला, 'कुछ नहीं पूछना' म्हणाला आणि बसला. विचारायला उरलंच काय होतं? मास्तर मफलरमध्ये तोंड घालून बसले होते.

मी शिकवलेल्या सगळ्या पुस्तकांत कायद्याचं राज्य वरून खाली येतं. कायदा राजाला बांधतो, कोर्ट हुकूम देतं, शिपाई तो बजावतो. एखादा माणूस स्वतःच्या घराची किंमत देऊन, स्वतःच्याच वकिलाच्या प्रश्नाला, शेजाऱ्याचा हक्क मान्य करतो हे कुठल्या पानावर बसवायचं ते मला कळेना. त्यांनी ते कायद्यासाठी केलं असंही नाही. उपकार बोलून दाखवणं त्यांच्या घराण्यात बसत नव्हतं, बस. म्हणजे नवाबीच, पण ती शेवटी जाऊन पोचली माझ्याच मुद्द्यावर. मी त्या बाकावर बसून त्या माणसाच्या अगदी प्रेमात पडले, हे या वयात सांगायला लाज वाटत नाही.

बाहेर श्रीवास्तव वकील कोट काढून खांद्यावर टाकत म्हणाले, "मैडम, मुक़दमा हमारा आपने हरवाया है. परसों का भाषण फिर से लिखिए." ते रागावले नव्हते. रागावलेला होता तो जावेद. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "अब्बा ने आज घर हार दिया. आप लोग तारीफ़ करके चले जाएँगे." पण थोड्या वेळाने बघते तर तोच बापाचा हात धरून त्यांना पायऱ्या उतरवत होता आणि रिक्षावाल्याला 'धीरे चलना' असं सांगत होता.

पुन्हा चौक

निघायच्या दिवशी सकाळी रस्तोगी मास्तरांनी मला नाश्त्याला बोलावलं. सोबत मिनू आली. थंडीतच मिळणारं मलाई मक्खन खायचं होतं. दूध रात्रभर दवात ठेवून पहाटे घुसळतात, त्याचा नुसता केशरी फेस. द्रोण हातात घेतला तर वजन लागत नाही, जिभेवर ठेवलं तर राहत नाही. मी तीन द्रोण संपवले आणि पोटात काही गेल्यासारखं वाटलं नाही. मास्तरांच्या बायकोने गरम कचोऱ्या वाढल्या तेव्हा जरा आधार आला.

"कल रात नींद नहीं आई," मास्तर म्हणाले. "जाकर मिल आता. मगर वकील कहता है, फ़ैसला आने तक सलाम मत कीजिए, मामला बन गया है, बिगाड़िए मत." आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, एकदा रीत सांगितली की ती मोडायची कशी, हे त्यांना येत नव्हतं. मी कायद्याची मास्तरीण, मला विचारतील म्हणून मी कचोरीत लक्ष घातलं. कारण वकिलाचा सल्ला बरोबरच होता.

आम्हाला पोचवायला मास्तर निघाले. वाट देवडीतूनच. नवाबसाहेबांचा चौक ओलांडून आम्ही छपराखाली शिरलो. खिडकी उघडी होती. समोरून शाळेत जाणाऱ्या मुलींचा घोळका येत होता, माना खाली, शिकवल्याप्रमाणे. मास्तरांची काठी खिडकीसमोर आली आणि थांबली. ते वळले नाहीत, पण पुढेही गेले नाहीत. मिनूने माझा पदर ओढला, "आत्या, क्या हुआ?"

आतून पावलं वाजली. नवाबसाहेब खिडकीत न थांबता बाहेर आले, देवडीत, शाल खांद्यावरून लोंबत होती. त्यांनी हात कपाळापर्यंत नेला.

"आदाब अर्ज़ है, मास्टर साहब," ते म्हणाले. "सलाम हमने किया है. आपके वकील को इसमें तो कोई एतराज़ नहीं होगा?"

मास्तरांनी काठी भिंतीला टेकवली आणि नुसते दोन्ही हात पुढे केले. नवाबसाहेबांनी ते हात धरले आणि म्हणाले, "चाय ठंडी हो रही है, साल भर से." शाळेकडे निघालेल्या मुली थबकल्या होत्या. त्यांतल्या एकीने हळूच 'आदाब' म्हटलं, मग दुसरीने, मग सगळ्यांनी एकदम, आणि देवडी त्या आवाजाने भरून गेली. नवाबसाहेब एकेकीला जवाब देत होते, एकही न गाळता. आत दाराशी जावेद कप घेऊन उभा होता. निकाल अजून यायचा होता, पण त्या गल्लीपुरता तो लागला होता.

माझं मला काय झालं, मी सांगू शकत नाही. मी पदर सावरला, एक पाऊल पुढे झाले आणि वाकून मुजरा केला. जसा बाबा करायचे तसा, जमिनीजवळून हात उचलून, तीनदा. आयुष्यात पहिल्यांदा. पहिल्या वेळी तोल गेला आणि मिनूने मला दंडाला धरून सावरलं.

नवाबसाहेब गोंधळले. मास्तरांना विचारू लागले, "यह कहाँ का सलाम है?"

"महाराष्ट्र का," मिनू म्हणाली. "हमारे यहाँ राजा को करते हैं." आणि मग, बहुधा ते पुरेसं वाटलं नाही म्हणून, "तीन बार."

नवाबसाहेबांनी शाल नीट केली. माझ्या हाताची लकब आठवून, चुकत, परत सुरू करत, त्या म्हाताऱ्या माणसाने मला वाकून मुजरा केला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा वाकताना त्यांनी मास्तरांच्या खांद्याचा आधार घेतला, पण तोही पुरा केला.

बाबांनी जन्मभर मुजरे केले होते. त्यांतला एक त्या दिवशी परत आला.